कमीकरांनी स्वतःचाच भाव पाडला

कमीकर हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हतं. ऑफिसच्या खुर्च्या आणि लोखंडी कपाटं बनवणाऱ्या एका कारखान्यात ते खरेदी विभाग सांभाळत. कुठल्याही विक्रेत्याने कुठल्याही मालाचा कुठलाही भाव सांगितला, की त्यांच्या तोंडून पहिले दोन शब्द निघत ते “कमी कर.” आधी लोक मागून कमीकर म्हणायला लागले, मग तोंडावर कमीकरसाहेब म्हणायला लागले आणि हळूहळू खरं आडनाव इतकं मागे पडलं, की एक फोमवाला कितीतरी दिवस ‘श्री. कमीकर यांस’ अशी बिलं पाठवत होता आणि ती सगळी मंजूर होत होती. अर्थात, कमी करून.

दुसऱ्याच्या पैशाच्या बाबतीत हा माणूस वाघ होता. स्वतःच्या पैशाचा विषय निघाला की गोगलगाय. एवढ्या वर्षांत त्यांनी पगारवाढ एकदाच मागितली होती, आणि तीसुद्धा इतक्या हळू आवाजात, की मालकांना वाटलं, हे पंखा कमी करायला सांगताहेत. मालकांनी पंखा कमी केला. कमीकर “थँक यू सर” म्हणून बाहेर आले.

हे असंच निवृत्तीपर्यंत चाललं असतं. पण एक दिवस चहा पिताना त्यांच्याच हाताखालचा असिस्टंट बोलता बोलता म्हणाला, “अठ्ठावन्न हजारांत हल्ली काय होतं हो साहेब?” कमीकरांना पंचावन्न मिळत होते. स्क्रू आणि बोल्ट यांतला फरक या प्राण्याला कमीकरांनी स्वतः शिकवला होता, तोही दोनदा, कारण पहिल्यांदा तो विसरला होता. कमीकर म्हणाले, “खरंय बाबा,” आणि उरलेला चहा न पिताच उठले. त्या दुपारी रंगवाल्याला त्यांनी असा काही पिळला, की तो जाताना स्वतःची छत्री विसरला आणि ती परत मागायची त्याची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी खोकेवाला आला. हा पुठ्ठ्याची खोकी पुरवायचा आणि कमीकरांसमोर बसला की त्याला घाम फुटायचा. आज मात्र तो हसत होता.

“साहेब, तुमच्यासारख्या माणसाने इथे किती दिवस सडायचं? गाद्यांचा एक कारखाना आहे. मालकीणबाई स्वतः सगळं बघतात. खरेदीला खंबीर माणूस शोधताहेत. तुमचं नाव मी टाकून ठेवलंय.”

“माझ्याबद्दल तुम्हाला एवढी कळकळ?” कमीकरांचा आवाज जरा ओला झाला.

“माझी एकट्याची नाही साहेब. फोमवाला, स्क्रूवाला, रंगवाला, आम्ही सगळे मिळून बसलो होतो. सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं. साहेबांचं भलं झालं पाहिजे, आणि ते लवकर झालं पाहिजे.”

सगळ्या विक्रेत्यांना एकाच वेळी आपल्या भल्याची एवढी घाई का सुटावी, हा प्रश्न एरवी कमीकरांना नक्की पडला असता. पण कौतुकाने माणसाची बुद्धी जरा सैल पडते. त्यांनी त्याच दिवशी अर्ज पाठवला.

घरी बायको धुतलेल्या टॉवेलांच्या घड्या घालत होती. ती एका दंतवैद्याच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसायची. भूल उतरायच्या आत पेशंटकडून फी वसूल करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. बातमी ऐकून ती खूश झाली आणि तिने विचारलं, “किती मागणार?”

“ते काय देतील ते.”

हातातला टॉवेल तिने असा झटकला, की कमीकर एक पाऊल मागे सरले. “अहो, तुम्ही या सोफ्याची किंमत पाडलीत तेव्हा दुकानदाराच्या डोळ्यांत पाणी आलं होतं!”

“तो सोफा होता.”

“आणि तुम्ही कोण?”

कमीकरांनी सोफ्याकडे एकदा नीट पाहिलं. ते सोफ्यावर बसले आणि विचार करू लागले.

बायकोने वरच्या मजल्यावरच्या नानांना बोलावून आणलं. नाना म्हणजे जुने युनियन पुढारी. त्यांचं अर्धं आयुष्य कारखान्यांच्या फाटकांसमोर गेलं होतं. निवृत्तीनंतर घोषणा द्यायला काही उरलं नाही म्हणून ते सोसायटीच्या पाण्याच्या टाकीसमोर देत. ते आले, खुर्ची उलटी करून तिच्यावर बसले आणि म्हणाले, “पहिला नियम. आकडा आपण आधी बोलायचा नाही. जो आधी बोलला तो मेला. दुसरा नियम. त्यांनी आकडा सांगितला की चेहरा असा करायचा, की घरात कोणीतरी गेलंय. चला, तालीम करू. मी मालक.”

आता, आयुष्यभर मालकांशी भांडलेल्या माणसाला मालकाच्या खुर्चीत बसवू नये, हे कोणाच्याच लक्षात आलं नाही. नानांनी बसल्या बसल्या पाय टेबलावर टाकले. अर्ध्या मिनिटात त्यांच्या चेहऱ्यावर अशी काही चरबी चढली, की कमीकरांना खरीच भीती वाटायला लागली.

“हं, बोला. काय पाहिजे?”

“नाना, म्हणजे सर, पगाराबद्दल…”

“पगार? काम काय करता तुम्ही? तुमच्यासारखे छप्पन्न मिळतात! उद्यापासून येऊ नका!”

“पण नाना, अजून मी लागलोच नाही नोकरीला.”

“मग तर आत्ताच काढला!” नाना कडाडले. नंतर भानावर येऊन ते जरा ओशाळले. जाताना जिन्यात बायकोला म्हणाले, “वहिनी, काय मजा येत होती या मालक लोकांना, हे मला आज कळलं.”

तालीम इथेच संपली. कमीकरांच्या हाती लागला तो एकच नियम: आकडा आधी बोलायचा नाही.

मुलाखतीला बोलावणं आलं, पण सोबत शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणा असंही कळवलेलं होतं. कमीकरांच्या कारखान्यात स्लिप हवी असली तर अकाउंट्समधल्या बाईंकडे अर्ज करावा लागे आणि अर्जावर कारण लिहावं लागे. “वैयक्तिक” असं कारण बाई स्वीकारत नसत. “वैयक्तिक म्हणजे नेमकं काय?” असं त्या भर ऑफिसात विचारत, आणि आसपासची चार डोकी टाइप करायची थांबत. कमीकर गडबडले आणि त्यांनी लिहिलं, “घरासाठी कर्ज.”

जेवणाच्या सुट्टीपर्यंत कमीकरांनी घर घेतलं होतं. तीन वाजेपर्यंत ते तीन बेडरूमचं झालं. असिस्टंटने पार्टी मागितली. संध्याकाळी मालकांनी आत बोलावून हात हातात घेतला. “अभिनंदन! कर्ज म्हणजे मोठी जबाबदारी हो. आता वीस वर्षं तुम्ही कुठे जात नाही. मी तर म्हणतो, या वर्षीची तुमची पगारवाढ पुढच्या वर्षी बघू. घाई कसली?”

बायकोला ही बातमी दवाखान्यात कळली. असिस्टंटची बायको दाढ दाखवायला आली होती. तोंडात कापसाचा बोळा धरूनच तिने अभिनंदन केलं आणि विचारलं, “तीन बेडरूम ना?” चारचौघांत नवऱ्याला उघडं पाडणाऱ्यातली बायको ती नव्हती. “हो, वर गच्चीसुद्धा आहे,” असं म्हणून तिने फी घेतली. उघडं तिने घरी आल्यावर पाडलं. “आता ही नोकरी मिळालीच पाहिजे,” ती शेवटी म्हणाली, “नाहीतर तिथे वाढ नाही आणि इथे गच्ची नाही.” कमीकरांनी दुसऱ्याच दिवशी बँकेने कर्ज नाकारल्याचं ऑफिसात जाहीर केलं. सगळ्यांनी त्यांची फार कीव केली. पगारवाढ मात्र मालकांनी परत दिली नाही.

मुलाखतीच्या दिवशी त्यांना मालकीणबाईंच्या खोलीत नेण्यात आलं. पाहुण्यांना बसायला तिथे कारखान्याचाच एक नमुना ठेवला होता. सोफ्याचा पलंग होणारं काहीतरी होतं ते, आणि कमालीचं मऊ. कमीकर त्यात बसले आणि बसतच गेले. थांबले तेव्हा त्यांचे गुडघे हनुवटीला लागले होते. समोर उंच खुर्चीत बाई होत्या. पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, घाईत असलेल्या. शेजारी त्यांचे हिशेबनीस. बारीक माणूस, पेन्सिलीसारखा.

कामाबद्दल बोलणं झकास झालं. कापडाचे गठ्ठे कसे मोजून घ्यावे, पुरवठादार दिवाळखोरीच्या गोष्टी सांगू लागला की त्याच्या बुटांकडे कसं बघावं, हे कमीकरांनी रंगवून सांगितलं. बाई दोनदा हसल्या. मग त्यांनी विचारलं, “पगाराची काय अपेक्षा?”

कमीकरांनी ओठ घट्ट मिटले.

बाई थांबल्या. हिशेबनीस थांबले. पंखा फिरत राहिला. कमीकरांच्या चेहऱ्यावर घरात कोणीतरी गेल्याचा भाव आला, खरं तर जरा लवकरच. त्यांचा चेहरा बघून हिशेबनिसांनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

“बरं,” बाई म्हणाल्या, “मीच सांगते. आम्ही नव्वद हजार धरलेत.”

नव्वद! कमीकरांच्या मनात कुणीतरी नाचू लागलं. पण तोंडाचं खातं वेगळं होतं. एवढ्या वर्षांच्या सवयीने ते तोंड आपणहून उघडलं आणि म्हणालं, “छे छे! नव्वद फार होतात.”

हिशेबनिसांच्या हातातून पेन्सिल पडली. आयुष्यभर ते ज्या उमेदवाराची वाट बघत होते, तो आज समोर गुडघ्यात हनुवटी घालून बसला होता.

“मग किती व्हायला हवेत?” बाईंनी सावकाश विचारलं.

“सत्तर. बाजारात सत्तरला सहज मिळतो.”

“काय मिळतो?”

“असा माणूस.”

“पण तुमचा एवढ्या वर्षांचा अनुभव आहे,” बाई म्हणाल्या. त्यांना काय होतंय ते कळत नव्हतं, पण वाद सोडायचा त्यांचा स्वभाव नव्हता. “त्याची किंमत नको?”

“अनुभव म्हणजे काय मॅडम, वापरलेला माल! वर एकाच ठिकाणी वापरलेला. आतून काय झिजलंय, कोण सांगणार?”

“पंच्याऐंशी,” बाई हट्टाने म्हणाल्या.

“पासष्ट!” हिशेबनीस आनंदाने ओरडले.

“हे बघा, हे बोलले ते बरोबर बोलले,” कमीकर म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. अंगात वारं शिरलं होतं. “मी शेवटचा सांगतो, बासष्ट. पटत असेल तर बोला, नाहीतर हा मी उठलो.” आणि ते उठू लागले. हे त्यांचं ठेवणीतलं अस्त्र. याच्यापुढे आजवर एकही विक्रेता टिकला नव्हता. सोफ्यातून उठायला त्यांना दोन प्रयत्न लागले आणि शेवटी हिशेबनिसांनी हात दिला, पण अस्त्र चाललं. बाईंनी दोन्ही हात वर केले. “बासष्ट तर बासष्ट. परवापर्यंत नक्की कळवा.”

कमीकर विजयी मुद्रेने रस्त्यावर आले. काय खेचलं! नव्वदवरून बासष्ट! ते शीळ घालत चौकापर्यंत गेले. सिग्नल लाल झाला, ते थांबले, आणि तिथे उभ्या उभ्या त्यांना आठवलं, की आज आपण विकत घ्यायला आलो नव्हतो.

सिग्नल हिरवा झाला, पुन्हा लाल झाला, पुन्हा हिरवा झाला. कमीकर तिथेच होते.

बायकोने सगळं ऐकून घेतलं. ती ओरडली नाही. “तुम्ही जरा पडा,” एवढंच म्हणाली, आणि या प्रेमळपणाने कमीकर फारच घाबरले. नानांना मात्र राहवलं नाही. “मालकाने कामगाराला लुटल्याचं मी पाहिलंय. कामगाराने मालकाला मदत करून स्वतःला लुटवून घेतल्याचं ऐकलंसुद्धा नव्हतं!”

“परत जाऊन सांगा ना, की चूक झाली,” बायको म्हणाली.

“ते जमणार नाही. ठरलेला भाव मी कधी कोणाला फिरवू दिलेला नाही. आता मीच कसा फिरवू? तोंड काय दाखवू?”

“दाखवू नका. नुसतं बंद ठेवा.”

तेवढ्यात, काम फत्ते झालं का ते विचारायला खोकेवाला येऊन टपकला. हकीकत ऐकून तो खुर्चीत बसला. “साहेब,” तो गहिवरून म्हणाला, “आम्हाला वाटायचं, तुमचा आमच्यावरच राग आहे. तुम्ही स्वतःलासुद्धा सोडत नाही!” कितीतरी वर्षांचं त्याच्या मनातलं किल्मिष त्या क्षणी गेलं. तो पुढे सरकून बसला. “आता ऐका. भाव फिरवायचा नाही. बासष्ट म्हणजे बासष्ट. पण माझ्या खोक्यांचा भाव तुम्ही पाडलात, की मी काय करायचो? गाडीभाडं वेगळं. उतरवणं वेगळं. छपाई वेगळी. वर्षाच्या शेवटी बेरीज करा, तुम्ही मला एक पैसासुद्धा कमी दिलेला नाही.”

कमीकरांचा चेहरा पांढरा पडला. आपण इतकी वर्षं जिंकलेली प्रत्येक लढाई गाडीभाड्यात हरलो होतो, हे त्यांना आज त्यांच्याच घरात, त्यांच्याच चहाचा घोट घेत सांगण्यात येत होतं. पण हा अपमान गिळण्यावाचून इलाज नव्हता. ते म्हणाले, “पुढे सांगा.”

दोन दिवसांनी ते पुन्हा बाईंच्या खोलीत गेले. या वेळी सोफ्यात बसले नाहीत, उभेच राहिले.

“बासष्ट मान्य,” ते म्हणाले. “सोमवार ते शुक्रवार, ऑफिसच्या वेळात, ऑफिसच्या टेबलावर. शनिवार वेगळा, त्याचे चौदा. घरी फोन येणार असतील तर त्याचे सात. बाहेरगावी माल बघायला जायचं, त्याचे नऊ.”

बाईंनी मनात बेरीज केली. “ब्याण्णव? अहो, मी नव्वद देत होते, तुम्ही भांडून बासष्ट केलेत!”

“भाव बासष्टच आहे मॅडम. बाकी वरचा खर्च.”

हिशेबनीस खाकरले. “शनिवारचे चौदा?” ते म्हणाले. “छे छे. फार होतात.”

कमीकरांनी त्यांच्याकडे पाहिलं. हे वाक्य त्यांनी रोज म्हटलं होतं, फोमबद्दल, रंगाबद्दल, खिळ्यांबद्दल, आणि परवा तर स्वतःबद्दल. पण समोरच्याच्या तोंडून, आपल्याकडे बघून म्हटलेलं ते त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. कानशिलं तापली. ज्यांना ज्यांना त्यांनी हे ऐकवलं होतं, ते सगळे बापडे ओळीने डोळ्यांसमोरून गेले. आणि मग, ठरवलेलं सगळं विसरून, ते बोलले.

“होत नाहीत. अजिबात फार होत नाहीत. माझी बायको आठवडाभर लोकांचे दात आणि रडगाणी ऐकते. शनिवारी तिला अर्धा दिवस सुट्टी असते. आम्ही दोघं काही करत नाही, नुसते बाल्कनीत बसतो, पण तेवढाच वेळ आमचा असतो. तो तुम्ही मागताय. द्यायचा तर मी स्वस्तात देणार नाही. आणि खरं सांगू का मॅडम, मी काम चांगलं करतो. माझ्या सध्याच्या मालकांना ते माहीत नाही, कारण मी कधी सांगितलं नाही. परवाही मी चुकीचं बोललो. नव्वद फार नव्हते.”

एवढं बोलून झाल्यावर त्यांना बसावंसं वाटलं, पण बसायला तो सोफाच होता, म्हणून ते उभे राहिले.

“तुम्ही गेल्यापासून मी यांना तेच सांगत होते,” बाईंनी हिशेबनिसांकडे बोट दाखवलं. “बासष्टला आलेला माणूस वर्षभरात शुद्धीवर येतो आणि दुसरीकडे जातो. मग नवा शोधा, त्याला शिकवा. ते महाग पडतं. शनिवार मला लागणार नाही, तो तुमच्याकडेच ठेवा. बाकी सगळं धरून सत्त्याऐंशी. पण मला एक सांगा, परवा तुम्हाला झालं काय होतं?”

“परवा मी खरेदीच्या बाजूला होतो,” कमीकर प्रामाणिकपणे म्हणाले.

बाई खळखळून हसल्या. हिशेबनीस हसले नाहीत. त्यांनी ‘सत्त्याऐंशी’ हा शब्द दुखऱ्या दातासारखा सावकाश लिहून घेतला.

कमीकरांच्या तोंडात काहीतरी हललं. वर्षानुवर्षांची सवय जिभेच्या टोकाशी येऊन उभी राहिली. त्यांनी ओठ मिटले, श्वास घेतला, दोन्ही मुठी आवळल्या आणि म्हणाले, “बरं.”

फाटकापर्यंतचं आवार लांबलचक होतं. अर्ध्या वाटेवर थांबून त्यांनी बायकोला फोन लावला. पलीकडे कुणाची तरी दाढ कोरली जात होती.

“सत्त्याऐंशी,” ते म्हणाले. “आणि शनिवार आपला.”

मग बायकोने दबक्या आवाजात विचारलं, “त्यांनी सत्त्याऐंशी म्हटल्यावर तुम्ही काय म्हणालात?”

“बरं म्हणालो.”

“नुसतं बरं?”

“नुसतं बरं.”

तिने इतका लांब श्वास सोडला, की तो त्यांना कोरणीच्या आवाजातूनही ऐकू आला. मग ती घाईघाईने म्हणाली, “आता तिथे थांबू नका. मागे वळू नका. कोणी हाक मारली तरी ओ देऊ नका. सरळ निघून या.”

कमीकरांनी फोन खिशात टाकला. मागून हिशेबनिसांचा “अहो, एक मिनिट!” असा आवाज आला. कमीकरांनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं आणि फाटकाच्या दिशेने धूम ठोकली.